वजनाचा नियम

पिंपळगाव राजा या गावच्या गोपालला शर्यतीच्या रेषेवर पहिल्यांदा पाहणारा माणूस हमखास हसायचा. बाकीचे गडी मोटरसायकलवर बसून दोन्ही पाय भुईला टेकवून निवांत उभे असत. गोपालला मात्र गाडी एका अंगाला कलती करून एकाच पायाच्या चवड्यावर तोलून धरावी लागे. हेल्मेट डोक्यावर चढलं की तो आणखीच लहान दिसे, शाळेतल्या पोरानं बापाची गाडी पळवून आणावी तसा. मग झेंडा खाली यायचा, पंधरा-सोळा गाड्या एकदम गुरकावून उठायच्या, आणि पहिल्या वळणातून धूळ बाहेर पडायची तेव्हा तिच्यापुढे एकटा गोपाल असायचा. हसणारा माणूस मग शेजाऱ्याला विचारायचा, "हा कोन होय बे?"

हे असं सलग चार मोसम चाललं.

मोसम म्हणजे सोयाबीन निघाल्यापासून होळीपर्यंतचे महिने. वावरं मोकळी झाली की तालुक्यातालुक्यातल्या गाडीवेड्यांनी मिळून काढलेला क्लब कुठे माळावर, कुठे कुणाच्या पडीक वावरात ट्रॅक्टर फिरवून मातीचा वाटोळा रस्ता आखायचा. खामगावच्या बाहेर, मोताळ्याला, कधी संग्रामपूरला सातपुड्याच्या पायथ्याशी. नियम साधे होते. दीडशे सीसीची गाडी, रस्त्यावर चालते तीच. दिवे-आरसे काढा, खाचांचे टायर लावा, पण इंजिनाला हात लावायचा नाही. चंद्रशेखर सर हे खामगावच्या एका शाळेतले कवायतीचे मास्तर आणि क्लबचे सेक्रेटरी. ते प्रत्येक इंजिनाला स्वतःच्या हातानं सील ठोकायचे. सगळ्यांच्या इंजिनात ताकद सारखी, तेव्हा जिंकेल तो हिमतीवर जिंकेल, असं त्यांचं म्हणणं.

पण ताकद सारखी असली तरी ओझं सारखं नव्हतं. गोपाल अंगानं काडी. वळणातून बाहेर पडताना तो एक्सलेटर पिळायचा आणि त्याची गाडी दावं सुटलेल्या वासरासारखी उधळायची. मागच्या जाडजूड गड्यांच्या गाड्या तेवढ्यातच कण्हत वेग धरत असायच्या. दर वळणाला हात-दोन हात असे सुटत गेले की शेवटच्या फेरीला मधे एवढं अंतर पडे की गोपालला मागे वळून पाहायचीही गरज उरत नसे.

आपल्या उंचीचं दुःख गोपालला लहानपणापासून पुरून उरलं होतं. शाळेत कवायतीच्या रांगेत पहिला, लग्नाच्या पंगतीत पोरांच्या पानावर. पुढे स्थळं पाहायला लागले तेव्हा मुलीकडचे लोक चहा होईपर्यंत बसलेल्या गोपालशी चांगलं बोलायचे. तो पाण्याचा तांब्या आणायला उठला की एकमेकांकडे बघायचे. चौतिशी उलटली तशी स्थळं येणं थांबलं आणि गोपालला त्याचं बरंच वाटलं. आई सोजराबाई गेल्यापासून घरात तो आणि त्याचा बाप कारभारी, दोघंच. बहीण पूनम देऊळगाव राजा तालुक्यात दिलेली, ती सणावाराला येई. बाकी वांगी, मेथी, सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्या, पहाटेची खामगावची मंडई, परत येऊन पाणी धरणं. दिवस असे एकामागून एक निघत.

अशा माणसाला गाडीनं एक जागा दिली होती. आयुष्यभर जे कमी होतं तेच तिथं कामाला येत होतं. गोपाल हे कुणाशी बोलला नव्हता, पण रेषेवर एका चवड्यावर उभं राहताना ते त्याला ठाऊक असे.

आणि गाडीनं त्याला राजकुमार दिला होता.

राजकुमार रोहिणखेडचा. विहिरीतल्या पाण्याच्या मोटरी वर काढणं, त्यांची वाइंडिंग भरणं, परत सोडणं हा त्याचा धंदा. अंगानं आडवा, हात कुदळीच्या दांड्यासारखे. चार मोसम गोपाल पहिला आणि राजकुमार दुसरा, ही जोडी ठरून गेली होती. शर्यत संपली की दोघं नांदुऱ्याच्या रस्त्यावरच्या एका ढाब्यावर बसायचे, आणि दुसऱ्या दिवशी सांजच्याला राजकुमारचा फोन यायचा. गोपाल तेव्हा वावराच्या धुऱ्यावर, बांधावर, बसलेला असे.

"तिसऱ्या वळणाले तू आतून काऊन गेला बे?" तिथून सुरुवात व्हायची. मग गाडी, मग चेन, मग पाऊस, मग वांग्याला पडलेली अळी, कारभारीचे गुडघे, राजकुमारच्या लेकीचा अभ्यास. मोसम नसला तरी फोन चालूच राही. मंडईतले व्यापारी सोडले तर गोपालला फोन करणारा तेवढा एकच माणूस होता.

पोळ्याच्या आधी, ऑगस्टात, क्लबची बैठक चंद्रशेखर सरांच्या शाळेच्या व्हरांड्यात भरली. दरवर्षी भरायची, तारखा ठरायच्या, चहा व्हायचा. त्या वर्षी सर चष्मा लावून उभे राहिले आणि म्हणाले, "यंदा एक नवा नियम करू राह्यलो आपण. गाडी आणि गडी मिळून दोनशे पाच किलोच्या खाली भरता कामा नये. हेल्मेट-बुटासकट. ज्याचं कमी भरेल त्यानं गाडीले वजन बांधायचं."

व्हरांड्यात कुजबुज झाली. गोपालनं मनातल्या मनात बेरीज केली. त्याची गाडी आणि तो मिळून एकशे ऐंशीच्या आसपास भरत. म्हणजे पंचवीस किलो.

"बरोबर हाय का हे, सर?" जळगाव जामोदच्या बाजूचा एक सडपातळ पोरगा म्हणाला. "आमी काय जास्त खाल्लं नाई, हा आमचा गुन्हा होय का?"

"गुन्हा नाई," सर शांतपणे म्हणाले. "बाहेर मोठ्या शर्यतींतही असे नियम असतात. इंजिन सारखं ठेवलं, मंग ओझं सारखं काऊन नको? राजकुमारनं गेल्या होळीलेच ही सूचना देली होती. कमिटीनं विचार केला, आम्हाले पटली."

गोपालनं मान वळवून पाहिलं. राजकुमार खांबाला टेकून बसला होता आणि आपल्या चपलेच्या अंगठ्याकडे बघत होता.

होळी ते पोळा. मधल्या काळात किती फोन झाले असतील, याचा हिशेब गोपालनं केला नाही. करायची गरजच नव्हती. बैठक उठल्यावर तो गाड्या लावल्या होत्या तिथं लिंबाखाली जाऊन उभा राहिला. राजकुमार आला.

"होळीलेच सांगतलं होतं तू सरांले?"

"हाव."

"मंग मले काऊन नाई सांगतलं?"

राजकुमारनं किल्ली बोटाभोवती फिरवली. "सांगणार होतो. दर खेपेस फोन लावला की वाटे, आज सांगू. मंग तू वांग्याचं सांगत बसे, बाबाच्या गुडघ्याचं सांगे. राहून गेलं."

"पाच महिने राहून गेलं?"

"गोपाल, नियम खोटा हाय का, तूच सांग. मी तुह्यापेक्षा जवळपास दुप्पट आहो. तुह्या मांगं पळून पळून..."

"नियमाचं मी बोलूनच नाई राह्यलो," गोपाल म्हणाला आणि त्यानं गाडीला किक मारली.

त्या दिवशी पहिल्यांदा तो ढाब्यावर न थांबता सरळ पिंपळगावला आला.

कारभारी पूर्वी बाजारात तागडी घेऊन भाजी विकायचा. इलेक्ट्रिक काटे आल्यापासून त्याची पाच-पाच किलोंची लोखंडी वजनं घराच्या कोपऱ्यात पडून होती. गोपालनं ती पोत्यात घातली, गावातल्या वेल्डिंगवाल्याकडे नेली, भोकं पाडून घेतली आणि सीटच्या मागं, जिथं जागा मोकळी होती तिथं, पाचही वजनं बोल्टनं आवळून टाकली. कारभारी दारात बसून बघत होता. आपल्या वजनांचं काय होऊन राहिलंय हे त्यानं विचारलं नाही.

खामगावच्या पहिल्या शर्यतीला आडतीवरचा मोठा सपाट काटा आणला होता. कापसाच्या गाठी मोजाव्यात तसा एकेक गडी गाडीसकट त्यावर चढत होता. गोपालचा आकडा बरोबर भरला. सरांनी त्याच्याकडे पाहून मान हलवली. रेषेवर उभं राहताना त्याला वाटलं, पंचवीस किलो म्हणजे काय, मेथीचं एक गाठोडं. रोज तर उचलतो.

झेंडा पडला आणि त्याची गाडी पुढच्या चाकावर हलकी होऊन वर आली. पहिल्या वळणाला आत घ्यायला गेला तर ती ऐकेना, बाहेरच सरकत गेली. मागून कुणीतरी ओढून धरल्यासारखी. वळणातून बाहेर पडताना एक्सलेटर पिळला तर इंजिन ओरडलं, पण वासराची उधळ आली नाही. एक गाडी बाजूनं गेली. मग आणखी एक. गोपालला शर्यतीत कधी कुणी धूळ खाऊ घातली नव्हती. त्या दिवशी त्याच्या दातांत माती करकरली.

तो सहावा आला. राजकुमार पहिला. राजकुमारला पोट्ट्यांनी खांद्यावर घेतला, पण त्यांना तो पेलेना, तेव्हा सगळेच हसले आणि तोही हसला. मग तो गोपालच्या दिशेनं येताना दिसला. गोपाल चेनवर वाकला आणि ती घट्ट असूनही पान्यानं ओढत बसला. त्यानं मान वर केली तेव्हा राजकुमार गेला होता.

दुसऱ्या दिवशी सांजच्याला धुऱ्यावर फोन वाजला. गोपालनं नाव पाहिलं आणि फोन तसाच हातात धरून बसला. वाजून वाजून तो बंद झाला. पलीकडच्या वावरातला कापूस वेचणारा बायांचा घोळका घराकडे निघाला होता, त्यातली एक म्हणाली, "फोन वाजून राह्यला न भाऊ." गोपाल म्हणाला, "असू दे."

मोताळ्याला तो चौथा आला. पुन्हा फोन आला, पुन्हा त्यानं उचलला नाही. तिसऱ्या शर्यतीनंतर फोन आलाच नाही.

फोन उचलायचा नाही हे गोपालनंच ठरवलं होतं, पण तो येणार नाही हे त्याच्या हिशेबात नव्हतं. त्याच्या ध्यानात आलं की आठवडाभर तो नकळत गोष्टी साठवत असतो. मंडईत आज अमुक झालं, विहिरीतल्या मोटरीचा आवाज बदललाय, मागच्या टायरची खाच एका अंगानं झिजतेय. हे सगळं राजकुमारला सांगायचं म्हणून साठायचं, आणि आता ते कुठंच न जाता आत पडून राहायचं. कारभारीला सांगावं तर तो "हं" म्हणायचा. पूनमला फोन लावला तर तिला वाटलं, घरी काही झालं. "मंग कायले फोन केला दादा?" तिनं विचारलं, रागानं नाही, नवलानं. "असाच," म्हणून गोपालनं फोन ठेवला.

जळगाव जामोदचा तो सडपातळ पोरगा आणि मलकापूरचा आणखी एक जण एकदा त्याला मंडईत गाठायला आले. दोघंही हलके, दोघांनाही वजन बांधावं लागत होतं. "तुमी म्हणा फक्त," ते म्हणाले, "आपण सगळे मिळून शर्यतीच बंद पाडू. तुमच्यावरूनच तर हा नियम काढला." गोपाल मेथीच्या जुड्या लावत राहिला. पुढच्या शर्यतीला ते दोघं आलेच नाहीत. रेषेवर गाड्या कमी दिसू लागल्या, आणि ज्या होत्या त्यांवर सगळे भरदार गडी. पूर्वी हलका पुढे असायचा, आता जड पुढे राहू लागले. पारडं मधे थांबलंच नव्हतं, सरळ दुसऱ्या बाजूला गेलं होतं.

गोपाल मात्र सोडून जाऊ शकला नाही. तूर निघालेल्या वावरात त्यानं फाळानं एक वाटोळी ओळ ओढली आणि रोज दुपारून एकटाच गाडी फिरवू लागला. पुन्हा पुन्हा तेच वळण, पुन्हा पुन्हा गाडी बाहेर सरकायची. एकदा कारभारी काठी टेकत धुऱ्यापर्यंत आला आणि बराच वेळ बसून राहिला. गोपाल पाणी प्यायला थांबला तेव्हा म्हातारा म्हणाला, "उलार होऊन राह्यली तुही गाडी."

"काय?"

"बंडीत मांगं माल जास्त भरला की बंडी उलार होते. दांडी वर, बैलाच्या गळ्याले फास. तू सारं वजन मांगं बांधलं." एवढं बोलून तो उठला आणि आला तसा निघून गेला.

त्यात जगावेगळं असं काही नव्हतं. बंडी हाकलेल्या कुणालाही ते कळलं असतं, गोपाललाही कळायला हवं होतं. पण त्यानं रागारागात वजनं जिथं जागा दिसली तिथं आवळली होती आणि नंतर त्यांच्याकडे पाहणंही टाळलं होतं. आता त्यानं ती उतरवली. दोन इंजिनाच्या पुढे खाली, दोन पायदानांच्या मधे, एक सीटखाली. गाडी ऐकू लागली. पुढचा टायरही आता माती धरत होता. तरीही एक फरक राहिलाच. जड माणूस वळणात आपलं वजन आत टाकतो, उसळीवर उचलून घेतो. लोखंड जिथं बांधलं तिथंच राहतं. ते आपल्या अंगाबरोबर वळत नाही. गोपालला हे रोज दुपारी नव्यानं कळत होतं आणि सांगायला कुणी नव्हतं.

मोसमाची शेवटची शर्यत संग्रामपूरला होती. उन्हं तापायला लागली होती, मागं सातपुडा धुरकट निळा. राजकुमार तोवर सगळ्या शर्यती जिंकला होता. काट्यावर दोघं एकमेकांच्या मागंपुढं उभे राहिले, तेव्हा राजकुमारनं नुसतं "काय?" म्हटलं आणि गोपालनं नुसतं "हं" म्हटलं.

दुसऱ्या फेरीपर्यंत गोपाल दुसरा झाला होता. पुढे फक्त राजकुमार.

चार वर्षं गोपाल पुढे असायचा. राजकुमार म्हणजे त्याच्यासाठी पाठीमागचा एक आवाज होता, वळणाला जवळ येणारा, सरळ रस्त्यावर मागं पडणारा. राजकुमारला गाडी चालवताना गोपालनं कधी पाहिलंच नव्हतं; यंदाही तो दूर पुढे, धुळीपलीकडे असायचा. शर्यतीनंतर ढाब्यावर जेवताना पाहिलं होतं, हसताना, मोटर खांद्यावर घेऊन उभा राहिलेला पाहिला होता. हे आज पहिल्यांदाच दिसत होतं.

एवढा आडवा माणूस, पण वळण आलं की पाण्यावर पान वळावं तसा वळत होता. ब्रेक तो उशिरा दाबायचा, गोपालची छाती धसकेल इतक्या उशिरा, आणि मग सगळं अंग एकदम आत टाकायचा. मागचा टायर सुटायचा, पण तो घाबरायचा नाही, सुटू द्यायचा आणि मधेच अलगद पकडायचा. खड्डा चुकवायला हँडल हलवत नव्हता, नुसता गुडघा हलवत होता. गोपाल प्रत्येक वळणाला जवळ येई आणि प्रत्येक वळणाला त्याला आपलं काय कमी पडतंय ते समोर लख्ख दिसे. त्याची चार वर्षांची वळणं अशी नव्हती. त्याला तशी लागलीच नव्हती. चुकलं तरी हलकी गाडी भरपाई करून द्यायची. आणि हा माणूस एवढं सगळं करून दरवेळी दुसरा यायचा, ढाब्यावर समोर बसून हसून विचारायचा, तिसऱ्या वळणाला तू आतून का गेलास.

शेवटच्या फेरीला एका क्षणी गोपालचं पुढचं चाक राजकुमारच्या मागच्या चाकाला भिडायच्या बेतात आलं. एक्सलेटर आणखी थोडा पिळला असता तर कदाचित आत घुसता आलं असतं. त्यानं पिळलाही. वजनानं गाडी जराशी बाहेर गेली आणि राजकुमार रेषा ओलांडून गेला. गोपाल दुसरा आला.

या वेळी चेनवर न वाकता तो गाडीजवळ उभा राहिला. राजकुमार हेल्मेट काखेत घेऊन आला. चेहरा मातीनं भरलेला, डोळ्यांभोवती तेवढी दोन पांढरी वर्तुळं.

"चांगला आला तू," राजकुमार म्हणाला. "वजन खाली घेतलं वाटते."

"हाव."

"मले वाटलं होतं, तू सोडून देशीन."

गोपालला सांगायचं होतं. शब्द तोंडाशी आले होते, की मी आज पाहिलं तुला, इतकी वर्षं मला माहीत नव्हतं. पण तेवढ्यात राजकुमारच बोलला. "होळी झाली की संभाजीनगरले चाललो. वाळूजले एका कंपनीत मोटर दुरुस्तीच्या खात्यात लागलो. लेकीची शाळाही तिकडंच पाह्यली. गाडी इकून टाकली, आजच घेऊन जाईन थो माणूस."

"कवा ठरलं हे?"

"गेल्या वर्षीच ठरल्यासारखं होतं. म्हणूनच तं..." राजकुमारनं हातातल्या हेल्मेटवरची माती अंगठ्यानं पुसली. "जायच्या आधी एक मोसम पहिलं येऊन पाहावं वाटलं. तुले सांगतलं असतं तं तू म्हटलं असतं, घे, जिंक. तसं नको होतं मले."

गोपालनं मान हलवली. ते खरं होतं. त्यानं तसंच म्हटलं असतं.

"जाताना घरी येऊन जाजो," तो म्हणाला.

"हाव, येतो न."

लोकांनी राजकुमारला बक्षिसासाठी हाक मारली आणि तो गेला. गोपालनं टाळ्या ऐकल्या. होळी झाली. घर हलवायच्या धांदलीत राजकुमारला पिंपळगावला यायला जमलं नसावं. त्याचा एक मेसेज आला, नव्या खोलीच्या गच्चीवरून काढलेला फोटो, खाली नुसती पत्र्याची छपरं. गोपालनं खूप वेळ विचार करून "छान" असं लिहिलं.

पुढच्या ऑगस्टात पुन्हा शाळेचा व्हरांडा भरला. या वेळी हलके गडी सगळे आले होते, सोडून गेलेलेही. नियम काढून टाका, एवढं एकच त्यांचं मागणं होतं. समोर भरदार गडी बसले होते, त्यांना नियम हवा होता. चंद्रशेखर सर थकलेले दिसत होते. "गेल्या मोसमात निम्म्या गाड्या कमी झाल्या," ते म्हणाले. "बरोबरी करायले गेलो आणि मैदानच रिकामं झालं. गोपाल, सगळ्यात जास्त फटका तुले बसला. तू बोल."

हलक्या गड्यांनी त्याच्याकडे आशेनं पाहिलं. गोपालला बैठकीत बोलायची सवय नव्हती. तो उभा राहिला, तरी मागच्यांना तो दिसेना.

"नियम काढू नका," तो म्हणाला.

क्षणभर कुणाला कळलंच नाही.

"चार वर्षं मी जिंकलो थे माह्या वजनानं जिंकलो. मले वाटे, चालवतो म्हणून जिंकतो. राजकुमार माह्यापेक्षा चांगला चालवे. थे मले त्याच्या मांगं पडलो तवा दिसलं." तो थांबला. "पण पंचवीस किलो लोखंड आणि पंचवीस किलोचा माणूस एक नाई. माणूस हालते, लोखंड हालत नाई. तं बांधायच्या वजनाले हद्द ठेवा. पंधराच्या वर कोणाले बांधू लावू नका. मंग हलक्याले थोडा फायदा राहीन, जाड्याले थोडा. बाकी ज्यानं त्यानं पाहावं."

बराच वाद झाला. जाड्यांना पंधरा कमी वाटले, हलक्यांना जास्त. पण शेवटी सरांनी हात वर करायला लावले आणि पंधरावर ठरलं. चहा आला. जळगाव जामोदचा पोरगा कप न घेता गोपालजवळून जाताना म्हणाला, "तुमी आपले माणूस होते." मोठ्यानं नाही म्हणाला. भरदार गडीही कुणी येऊन बोलले नाहीत. त्यांच्या दृष्टीनं गोपालनं दहा किलो काढून घेतले होते. चंद्रशेखर सरांनी तेवढी त्याच्या पाठीवर थाप मारली आणि ते तारखांकडे वळले.

गोपालनं घरी आल्यावर दोन वजनं उतरवून कोपऱ्यात ठेवली. कारभारी बाजेवर होता. "काय झालं?" त्यानं विचारलं.

"पंधरावर आणलं."

"बरं झालं मंग," म्हातारा म्हणाला आणि कुशीवर वळला.

बैठकीतलं सारं राजकुमारला कळवावं, असं गोपालच्या मनात आलं. तो काय बोलला, कसा बोलला, राजकुमारबद्दल काय म्हणाला. त्यानं एकदा फोन लावलाही. मागं यंत्रांचा घरघराट होता आणि राजकुमार ओरडून म्हणाला, "ड्यूटीवर आहो, नंतर करतो." नंतर केला तो दिवाळीत, सगळ्यांना करतात तसा. लेक बोलली, बायको बोलली, मग राजकुमारनं विचारलं, "वांगे कसे हायेत?" गोपाल म्हणाला, "बरे हायेत." एवढ्या माणसांत बैठकीची गोष्ट काढणं त्याला जमलं नाही, आणि आता ती शिळीही झाली होती.

सोयाबीन निघालं आणि नवा मोसम सुरू झाला. रेषेवर पुन्हा गाड्या भरल्या. नांदुऱ्याचे दोघे नवे होते, चिखलीकडचा एक उंच, एक बुलढाण्याचा शिपाई. कोण जिंकेल हे आधी सांगता येईना. एकदा जाडा जिंकला, एकदा काडीपैलवान, आणि लोक दुपारच्या उन्हात शेवटच्या फेरीपर्यंत थांबू लागले. चंद्रशेखर सर खुश होते. सरांना हवं होतं ते झालं होतं, आणि गोपालला ते चांगलंच वाटलं. शर्यती झाल्यावर तो गाडी भाजीच्या पिकअपमध्ये चढवायचा, रिकाम्या क्रेटना टेकवून दोरीनं बांधायचा आणि ढाब्यावरून न थांबता पुढे जायचा.

त्या मोसमात तो एकदा पहिला आला, दोनदा तिसरा. वळणात अंग आत टाकायचं, मागचा टायर सुटू द्यायचा, हे तो राजकुमारला आठवून आठवून करू लागला होता. मोताळ्याला त्यानं तसंच एका वळणाला उशिरा, फारच उशिरा ब्रेक दाबला आणि त्याचीच गाडी त्याच्या अंगावरून गेली. फार लागलं नाही. खांद्याला खरचटलं, श्वास अडकला. धुळीतून कुणीतरी धावत आलं, त्याला काखेत धरून उचललं, बाजूला बसवलं आणि पाण्याची बाटली तोंडाशी धरली. नव्या पोट्ट्यांपैकी होता, आपली गाडी टाकून आलेला. गोपालनं त्याला नाव विचारलं. त्यानं सांगितलंही, पण तेवढ्यात गाड्या पुन्हा वळणाशी आल्या आणि त्या आवाजात ते ऐकू आलं नाही.